माझ्या पोटातला दिवा

मित्रांनो, मी एक जुना बँजो आहे. लग्नाच्या वरातीत कळा दाबून वाजवतात तो बँजो वेगळा. तो माझा नावाचा भाऊ, रक्ताचा नव्हे. माझे पोट गोल आहे आणि ढोलकीसारखे मढवलेले आहे. पोटाला लांब दांडी आणि दांडीवर पाच तारा. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, पिजन नावाच्या ओढ्याच्या काठी एक छोटा कारखाना आहे. तिथे दाराशेजारच्या खिळ्यावर मी टांगलेला असतो. रोज सकाळी एक माणूस दार उघडतो आणि अंगातला कोटही न काढता माझ्या पोटावर टिचकी मारतो. मान कलती करून ऐकतो. मी उत्तर देतो. उत्तर चांगलेच असते, तरी ते ऐकून त्याचा चेहरा दर वेळी उतरतो. असे का होते, ते कळायला तुम्हाला माझी हकीकत पहिल्यापासून ऐकावी लागेल.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात झाला. मेपलच्या लाकडाच्या पट्ट्या वाफेवर वाकवून माझा घेर केला. घेरावर काशाचे जड कडे बसवले. मग वासराचे भिजवलेले कातडे कड्यावर ताणून, चहूबाजूंनी आकड्यांनी खाली ओढून आवळले. ते सुकत गेले तसे ताठ होत गेले, आणि ज्या कारागिराने मला आवळले त्याने जाता जाता एक टिचकी मारली. माझा पहिला शब्द तो. ठण्ण.

तेव्हा मला चारच तारा होत्या. शहरातल्या नाचाच्या बैठकींना तसे बँजो लागत. पण मी दुकानाच्या काचेत जाऊन बसलो तोवर ती हौस ओसरली होती आणि लोकांचे दिवस वाईट आले होते. काचेतल्या उन्हाने माझे कातडे पिवळे पडले. अखेर डोंगरातला हार्मन कॉडिल नावाचा माणूस एक खेचर विकायला शहरात आला आणि खेचराच्या बदल्यात मला घेऊन गेला. घरी पोहोचल्यावर त्याच्या बायकोने एवढेच विचारले, की आता नांगर हा ओढणार का.

हार्मनला पाच तारांचे वाजवणे येत होते, चारांचे नाही. त्याने माझी मूळची दांडी काढून टाकली आणि अक्रोडाच्या लाकडाची नवी कोरून बसवली. जुनी दांडी वाया गेली नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची खिडकी उघडी ठेवायला टेकू हवा होता, तो तिचा झाला. ओसरीवरून ती मला रोज दिसायची. आपलीच मान कोंबड्यांच्या कामाला लागलेली पाहणे सोपे नसते, मित्रांनो. पण नव्या दांडीने मला नवा आवाज दिला, आणि त्या घरात मला खूप माया मिळाली.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले.

कातडे हवेतला ओलावा पिते. ओलावा वाढला की ते सैल पडते. मग माझा आवाज उतरतो. ठण्णचा ठप्प होतो, ठप्पचा धप्प होतो. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच त्रास. पण हार्मनने या त्रासाचा उपयोग करून घेतला. ते खोरे म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद चीर आहे. सपाट जागा काय ती ओढ्याच्या काठी, म्हणून घरे, कोठारे, शाळा सगळे खाली. उंचावर फक्त कबरस्तान. ओढ्याच्या उगमाशी पाऊस कोसळत असला, तरी खाली ऊन असू शकते. पण वरचा ओला वारा त्या चिरेतून खाली उतरतो, पाण्याच्या पुष्कळ आधी. तो माणसांना कळत नाही. मला कळतो.

म्हणून त्या घरात रोज सकाळी चूल पेटवण्याआधी माझ्या पोटावर टिचकी मारायची रीत पडली. हे काम हार्मनच्या मुलीकडे, डेल्फीकडे होते. ती सहा-सात वर्षांची असताना एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी तिने टिचकी मारली आणि मी धप्प म्हणालो. हार्मनने चूल पेटवूच दिली नाही आणि बायकोपोरांना घेऊन तो कबरस्तानात जाऊन बसला. शेजारी हसले. दुपारी खुराडे गेले, कोठार गेले, शेजाऱ्यांचे घर गेले. कोंबड्यांची खिडकी धरून उभी असलेली माझी जुनी दांडीही त्यात गेली. त्या दिवशी हार्मनने मुलीला जे सांगितले ते तिने जन्मभर जपले: स्वतःच्या पायांनी वर चला, नाहीतर लोकांच्या खांद्यावरून जावे लागेल.

हार्मन गेला. डेल्फी मोठी झाली, म्हातारी झाली. सारे खोरे तिला डेल्फीआत्या म्हणू लागले. तिच्या करंगळीने माझ्या कातड्यावर एक खळगा पाडला, मनगटाने घेराच्या कडेची चकाकी पुसून काढली. आणि मधल्या वर्षांत ओढ्याच्या उगमाशी एका खाण कंपनीने मातीचा बांध घातला. कोळसा धुतलेले काळे पाणी त्यामागे साठवू लागले. खालून तो दिसत नाही. पण खोऱ्यात झोपणारा प्रत्येक जण तो वर आहे हे जाणून झोपतो. कंपनीने खाली एक भोंगा बसवून दिला आणि सांगितले, काही झाले तर तो वाजेल.

डेल्फीआत्याचा भाचा आर्लिस. त्याने ओढ्याकाठची जुनी दाण्याची गिरणी घेऊन तिथे बँजो बनवायला सुरुवात केली. हात चांगला होता, पण गिऱ्हाईक येऊन म्हणे, छान आहे, फक्त जुन्यांसारखा आवाज नाही. हे ऐकून ऐकून तो माझ्याकडे टक लावून बघू लागला. एक दिवस त्याने आत्याकडे मला मागितले. "विकत नको मागू," ती म्हणाली. "बघायला ने. आणि जेवायच्या वेळेला परत आण."

त्याने मला पुरते उघडले. कडे तोलले, लाकडाची जाडी मोजली. आतले दिसेना म्हणून गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन माझा एक्स-रे काढला. तिथे माझा नंबर एका लंगड्या कुत्र्यानंतर होता. मग त्याने माझ्यासारखे नवे बँजो केले. माझ्यासारखे म्हणजे अगदी माझ्यासारखे, मित्रांनो. शिंपल्याची नक्षी बसवणारी वांडा नावाची बाई त्याच्याकडे कामाला होती. जीभ तिखट, हात मऊ. तिने नव्या कोऱ्या लाकडावर माझा एकेक ओरखडा उमटवला. आत्याच्या मनगटाने जिथे चकाकी गेली होती, तिथे वाळूच्या कागदाने घासून तीही घालवली. "आठवडाभर खपून चकचकीत करायचं, आणि मग पैसे घेऊन खराब करायचं," ती म्हणायची. "असला धंदा फक्त आर्लिसला सुचतो."

नव्या बँजोंचे नाव झाले. दूरदूरचे वाजवणारे येऊ लागले. भिंतीवर त्यांची रांग लागली. नमुना म्हणून मलाही वरचेवर गिरणीत न्यायचे, आणि त्या रांगेकडे बघताना मला वाटायचे, आरशांच्या खोलीत टांगले आहे मला. सगळे माझ्यासारखे. आणि तरी संध्याकाळी खोऱ्यातून ओला वारा आला की माझे पोट सैल पडायचे आणि त्यांच्यापैकी एकही हलायचा नाही. कारण आर्लिसने माझे सगळे घेतले होते, ही एक खोड सोडून. त्यांच्या पोटावर पातळ प्लॅस्टिक होते. पावसात, उन्हात, बर्फात, सदा ताठ.

आत्याला ते आवडले नव्हते. यांना कान नाहीत, असे ती म्हणाली. आर्लिस हसून म्हणाला, आत्या, बँजोला कान कशाला हवेत, ते ऐकणाऱ्याला असतात.

मग तो जुलैमधला शनिवार आला.

आर्लिसने सगळ्यांना बोलावले होते. वाजवणाऱ्यांमध्ये एक जुनी गंमत आहे. सगळ्यांनी पाठ फिरवून बसायचे, एकाने मागे जुना आणि नवा बँजो आलटून पालटून वाजवायचा आणि कोणता जुना ते ओळखायचे. त्या दिवशी माझी आणि माझ्या नकलेची तशी परीक्षा होती. गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकामुले होती, बाकांवर मक्याचा पाव, घेवडा आणि सफरचंदाची पाई होती. लोक चुकले तर आर्लिसची सगळी मेहनत फळाला येणार होती.

पण मला गिरणीत आणले त्या आदल्या दिवसापासूनच हवा चिकट होती. माझे कातडे उतरू लागले होते, आणि धप्प करणाऱ्या बँजोशी परीक्षा कसली? अशा वेळी जुने वाजवणारे एक युक्ती करतात. पोटाची मागची लाकडी ताटली काढून आत विजेचा पेटता दिवा ठेवतात. त्याच्या उबेने कातडे सुकते आणि ताठ होते. आर्लिसने वांडाला तेच करायला सांगितले. मागच्या टेबलावर, फडक्याखाली, माझ्या पोटात दिवा जळत राहिला. माझी पाळी आली की दिवा काढायचा, ताटली बसवायची, मला वाजवायचे, पुन्हा दिव्यावर ठेवायचे. बाहेर वारा वरून खाली वाहत होता. मला तो लागत नव्हता. उबेत गुंगी आलेल्या माणसासारखा मी ताठ होऊन पडलो होतो.

दुपारी खोऱ्याच्या वरच्या अंगाचा एक म्हातारा आला. ओढ्याचे पाणी काळपट दिसते आहे, असे तो म्हणाला. बाहेर ऊन होते. डोंगराच्या माथ्यावर मात्र ढग बसला होता. कोणी म्हणाले निघावे, कोणी म्हणाले भोंगा तर वाजला नाही. तेवढ्यात आत्या दारातून आत आली. पिचलेल्या गुडघ्यामुळे ती उशिरा पोहोचली होती. आर्लिसने मला टेबलावरून उचलले, दिवा काढून ताटली बसवली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले.

"घ्या, आमच्या वेधशाळेलाच विचारू," तो म्हणाला. "आत्या, मार टिचकी."

त्याच्या मनात कपट नव्हते. टिचकीवर त्याचा विश्वासच नव्हता, म्हणून दिव्यामुळे काही बिघडेल हे त्याच्या ध्यानातच आले नाही. लोकांचे मन हलके व्हावे, एवढेच त्याला हवे होते. आत्याने हात पुढे केला. टिचकी मारली.

ठण्ण.

तिने डोळे मिटून ऐकले. "कातडं ताठ आहे," ती म्हणाली. "वर पाऊस नाही. बसा."

आणि सगळे बसले. ज्यांनी टोप्या घातल्या होत्या त्यांनी काढून गुडघ्यावर ठेवल्या. एका बाईने उचललेले पोर खाली सोडले. भोंग्यावर कोणाचा फारसा भरवसा नव्हता, पण डेल्फीआत्याच्या टिचकीवर होता. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मला तोंड नाही. मला फक्त पोट आहे, आणि त्यात कालपासून दिवा जळत होता.

परीक्षा झाली. निम्म्याहून अधिक लोक चुकले. टाळ्या पडल्या. आर्लिसचा चेहरा उजळला. सगळ्यांनी आग्रह केला की शेवटचे गाणे आत्याने वाजवावे. ती खुर्चीत बसली आणि तिने मला मांडीवर घेतले. पहिला सूर लावायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. तिने माझ्या पाठीवर तळवा ठेवला.

"हा गरम का आहे?"

मग वांडा म्हणाली, "आत्या, दिव्यावर होता. कालपासून. आर्लिसनंच सांगितलं ठेवायला."

आत्याने आर्लिसकडे पाहिले. ती रागावली नाही. ती मला घेऊन उठली, लंगडत दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसली आणि माझी मागची ताटली काढून मला वाऱ्याकडे तोंड करून धरले. लोक दारात गोळा झाले. तिने टिचकी मारली. ठण्ण. थोडे थांबली. पुन्हा मारली. ठण्णला जरा खोकला लागल्यासारखे झाले. कातडे वारा पीत होते आणि मला माझा आवाज खाली खाली जाताना ऐकू येत होता, विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखा. ठप्प. नंतर बराच वेळ ठप्प. एका मुलाने विचारले की हा बँजो मोडला का. त्याच्या आईने त्याचा हात घट्ट धरला.

धप्प.

"वर चला," आत्या म्हणाली.

आर्लिस म्हणाला, "आत्या, दहा मिनिटं थांब. हे सगळं भिंतीवरून उतरवू दे."

"स्वतःच्या पायांनी चल, आर्लिस. नाहीतर आम्हाला तुला उचलावं लागेल."

लोक निघाले. धावाधाव झाली नाही. कबरस्तानाची वाट चढायला सगळ्यांना येत होती. प्रत्येकाचे कोणी ना कोणी तिथे आधीच होते. आर्लिस मात्र आत वळला. त्याने दोन नवे बँजो खांद्याला अडकवले, तिसऱ्याला हात घातला, मग चौथ्याला. आत्या वाटेला लागली होती. मागे वळून पाहिल्यावर तो तिला दिसला नाही. ती परत आली. मी तिच्या काखेत होतो. ओढ्याचा आवाज बदलला होता. दगडांवरून वाहणारे पाणी बोलते, मित्रांनो. हे पाणी बोलत नव्हते. ते कण्हत होते.

आत्याने आर्लिसची बाही धरली. तो हलेना. त्याला ओढायला तिला दोन्ही हात हवे होते. तेव्हा तिने मला हळूच बाकावर ठेवले, पाईच्या ताटाशेजारी, आणि दोन्ही हातांनी भाच्याला धरले. तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही. तेच बरोबर होते. मी त्या घरात इतकी वर्षे काढली ती कशासाठी होती, हे मला त्या क्षणी कळले.

ते दारातून गेले. मग खिडकीतले ऊन काळे झाले. वरचा बांध फुटला तरी भोंगा वाजलाच नाही.

मी सापडलो तो बऱ्याच खालच्या बाजूला, एका झाडाच्या फांदीत अडकलेला. कातडे फाटले होते. लाकडाचा घेर आणि काशाचे कडे मात्र एकमेकांना सोडून गेले नव्हते. नवे बँजोही चिखलात इकडे तिकडे सापडले. त्यांच्या पोटात काळा गाळ गच्च भरला होता, दांड्या मोडल्या होत्या. वांडाने एकाच्या पोटातला गाळ उपसला, वरचा चिखल पुसला आणि सवयीने टिचकी मारली. तो ठणठणीत वाजला. जणू काही झालेच नव्हते. वांडा तो तिथेच ठेवून चालू लागली.

वर गेलेली सगळी माणसे वाचली. पण त्या काळ्या गाळाची धूळ पुढे कित्येक महिने खोऱ्यात उडत राहिली. आत्याला खोकला लागला आणि थंडीत ती गेली. तिला कबरस्तानात नेले तेव्हा एका बाजूला आर्लिसचा खांदा होता. आधीच्या दोन्ही वेळी ती स्वतःच्या पायांनी वर गेली होती. या वेळी नाही.

आर्लिसने मला दुरुस्त केले. इतक्या काळजीने मला कोणी हाताळले नव्हते. कडे घासले, दांडीची चीर सांधली. कातडे मात्र मिळाले नाही. बँजोची कातडी कमावणारा जो एक म्हातारा पलीकडच्या खोऱ्यात होता, त्याने काम बंद केले होते. दुसरीकडून मागवलेले कातडे येता येईना. तोवर राहू दे, म्हणून आर्लिसने माझ्या पोटावर प्लॅस्टिक चढवले. ते "तोवर" अजून संपलेले नाही. आता माझा आवाज सदा ताठ आणि सुंदर असतो. ऐकणारे म्हणतात, याला तर काही झालेलेच नाही.

गिरणीच्या जागीच नवा कारखाना उभा राहिला, कारण सपाट जागा तेवढीच आहे. वर बांधही पुन्हा उभा राहिला आहे. पहिल्यापेक्षा उंच आहे म्हणतात. भोंगा नवा बसवला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा, त्यांना पुसा, जपा. पण एवढेच करून थांबू नका. एखादी जुनी वस्तू किंवा जुने माणूस कुरकुरत असेल, हवा बदलली की दुखत असेल, तर ती खोड काढून टाकण्याआधी एकदा विचारा की ही कशासाठी होती. आणि कधीही कोणाच्या पोटात दिवा ठेवून मग त्याला खरे काय ते विचारू नका. तुमच्यापैकी कोणाला कातडे कमावणारा माणूस माहीत असेल, तर आर्लिसला कळवा. तो रोज वाट बघतो.

आज सकाळपासून हवा चिकट आहे. डोंगराच्या माथ्यावर ढग बसला आहे. आर्लिसने दार उघडले, कोट न काढता माझ्यापाशी आला, टिचकी मारली आणि मान कलती केली.

"काय म्हणतोय?" वांडाने तिच्या टेबलावरून विचारले.

"छान आहे म्हणतोय."

वांडाने हातातला शिंपल्याचा तुकडा खाली ठेवला. आर्लिसने कोट काढला नाही. दोघे खिडकीतून ओढ्याकडे बघत उभे आहेत, आणि माझे पोट अजून गोड आवाजात घुमते आहे.